साहेब, तुमच्या कोनशिलेचा पडदा अजून माझ्याकडेच आहे

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

आपण मला ओळखणार नाही, पण माझं शिवणकाम आपल्या ओळखीचं आहे. दीड वर्षापूर्वी आमच्या रस्त्यावरच्या कामाचं भूमिपूजन आपल्या हस्ते झालं, तेव्हा कोनशिलेवर जो किरमिजी सॅटिनचा पडदा होता, तो मी शिवलेला. आपण दोरी ओढलीत आणि पडदा अर्ध्यावर अडकला. तो माझ्या शिवणीमुळे अडकला नव्हता. कार्यकर्त्यांनी दोरी उलट्या बाजूने ओवली होती. दीड वर्ष हे सांगायचं राहिलं होतं, म्हणून आधी ते सांगून टाकते.

त्याच रस्त्यावर माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. २७ वर्षं झाली. शहराचं नाव आणि वॉर्ड मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरला कारणे दाखवा नोटीस निघेल, ‘मंत्र्यांनी घेतली गंभीर दखल’ अशी चौकट पेपरात येईल आणि विषय मिटेल. आणि तसंही, आपल्या राज्यातल्या कुठल्या शहरातला माणूस हे वाचून ‘हे आमच्याकडचं नाही’ म्हणेल?

काल वटपौर्णिमा झाली. तिच्या पाच दिवस आधी, मंगळवारी, पाऊस पडला, तिथून सुरुवात करते.

वटपौर्णिमेच्या आधीचा आठवडा आमच्या धंद्यात दिवाळीसारखा. दुकानात ४३ साड्या होत्या. झालेल्या वरच्या फळीवर, राहिलेल्या खाली चादर अंथरून तिच्यावर, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी टाचलेली. दुपारी चारला पाऊस आला आणि जेमतेम पाऊण तास पडला. ढगफुटी वगैरे काही नव्हतं, पत्रकार परिषदेत तो शब्द वापरू नका. आपल्याकडे मृगाची सर येते तशी सर होती. पंधराव्या मिनिटाला पाणी उंबरा ओलांडून आत आलं.

पाणी म्हणते आहे, कारण दुसरा शब्द नाही. काळंशार. वर पेट्रोल पंपावर जमिनीला दिसतो तसा रंगीत तवंग, त्यावर गुटख्याच्या पुड्या, आणि ओसरल्यावर फरशीवर राहिला तो बोटाला चिकटणारा बारीक काळा गाळ. उन्हाळाभर गाड्यांनी रस्त्यावर जे जे सांडलं, झिजवलं आणि ओकलं, ते पहिल्या पावसाने खरवडून माझ्या चादरीवर आणून ठेवलं. ११ साड्या गेल्या. त्यातली एक मागच्या चाळीतल्या मुलीची मोरपंखी पैठणी. लग्नानंतरची तिची पहिली वटपौर्णिमा. जर काळवंडली आणि पदरावरच्या तीन मोरांपैकी दीड मोर डांबरात बुडाला. मी रिठा केला, टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवली, शेवटी ड्रायक्लीनरकडे पेट्रोल वॉशला दिली. त्याने काठ उन्हात धरून बघितला आणि म्हणाला, “काकू, चिखल असता तर निघाला असता. हे ग्रीस आणि टायरचं काजळ आहे. रेशमात बसलं की बसलं.”

मुलगी साडी न्यायला आली. काही बोलली नाही. “असू दे काकू,” म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, साहेब. बाकीच्या दहाजणींचे पैसे मी हप्त्याने फेडते आहे. एका मशीनची मोटर जळली ती वेगळीच.

दुकान खोलगट जागेत घेतलंच कशाला, असं आपल्या खात्यातल्या एका साहेबांनी मला विचारलं. घेतलं तेव्हा तीन पायऱ्या चढून दुकानात यावं लागायचं. मग डांबरावर डांबर, त्यावर आणखी डांबर, त्यावर काँक्रीट. आता गिऱ्हाईक एक पायरी उतरून आत येतं. माझं दुकान होतं तिथेच आहे, रस्ता वर चढत गेला. खरवडून मग थर द्यायचा असतो हे मला कळतं; जुनी शिवण उसवल्याशिवाय नवी घातली तर कापड गोळा होतं.

आता मुद्द्याचं. आपण त्या दिवशी कशाचं भूमिपूजन केलंत हे आपल्याला आठवतं का? कोनशिलेवर लिहिलंय, ‘पर्जन्यजल शुद्धीकरण हरित पट्टा’. भाषणात आपण म्हणालात की हा राज्याला दिशा देणारा प्रकल्प आहे. दिशा कुठली ते बोलला नव्हतात.

मला त्या कामात रस होता, कारण ते मला कोणीतरी नीट समजावून सांगितलं होतं. भूमिपूजनाच्या आधी आपल्या खात्यातली एक तरुण इंजिनिअर दुकानादुकानात फिरत होती. माझ्याकडे पाणी प्यायला थांबली आणि माझ्याच बिलबुकाच्या मागे पेनने चित्र काढून दाखवलं. ते पान मी जपून ठेवलंय. रस्त्याच्या कडेला, फुटपाथला लागून, दहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असे सहा खड्डे. रस्त्यापेक्षा फूटभर खोल. कठड्याला जागोजागी खाच, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आधी खड्ड्यात उतरेल. खाली खडी, तिच्यात भोकाभोकांचा पाइप, वर वाळू, माती आणि कंपोस्ट यांचा हातभर जाड थर, आणि त्यात कर्दळ, वाळा, लव्हाळा. पाणी जास्तच झालं तर वरच्या जाळीतून नेहमीच्या पावसाळी लाइनीत जाईल. “मावशी, तुम्ही पाणी फडक्याने गाळता ना, तसंच,” ती म्हणाली, “फक्त हे फडकं जिवंत असतं.”

जिवंत कसं, तेही सांगितलं. गाळ वरच थांबतो. टायरमधलं जस्त आणि ब्रेकमधलं तांबं मातीला आणि कंपोस्टला धरून बसतं. तेल मातीतले जिवाणू हळूहळू खातात. आणि मुळं वाढत-मरत राहतात म्हणून मातीत वाटा मोकळ्या राहतात, ती दगडासारखी बसत नाही. रस्त्यावरची सगळ्यात वाईट घाण पहिल्या काही मिनिटांच्या पाण्यात असते, म्हणून ते पहिलं पाणी तेवढं पकडायचं.

मी हिशेबाची बाई. ती गेल्यावर दुकानाचा टेप घेऊन रस्ता मोजला. लोक हसले, हसू देत. चौक ते नाला ४०० मीटर, रुंदी १२ मीटर, म्हणजे ४,८०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पहिल्या ५ मिलिमीटरचं पाणी झालं २४,००० लिटर. सहा खड्डे, प्रत्येकात फूटभर पाणी थांबलं तरी २७,००० लिटर मावतं. बसतंय, साहेब. शिवाय थांबल्या थांबल्या ते मुरतही असतं. आपल्या सल्लागारांना या हिशेबाचे किती दिले मला माहीत नाही, मला टेप आणि एक दुपार पुरली.

मग काय झालं? खड्डे खणले. दोन महिने तसेच होते, एक म्हातारे गृहस्थ पडले त्यात. मग एका रात्री ट्रक आला आणि सकाळी सहाही खड्डे सिमेंटने भरलेले. त्यावर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, त्यावर प्लास्टिकच्या कुंड्या, आणि कोपऱ्यावर लोखंडी अक्षरांत ‘आय लव्ह’ आणि पुढे आमच्या वॉर्डाचं नाव. रात्री दिवे लागतात. फलकावर ‘सुशोभीकरण’ आणि ३८ लाख रुपये. हरित पट्टा हिरवा आहे हे खरं, कुंड्यांना तोच रंग दिलाय.

मी विचारायला गेले. पहिले म्हणाले, डास होतील. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, आणि नीट केलेल्या खड्ड्यातलं पाणी एका-दोन दिवसांत खाली उतरतं. डास तुमच्या चेंबरमध्ये होतात, तिथे पाणी बारा महिने उभं असतं. दुसरे म्हणाले, दाट वस्तीत जागा कुठंय? जागा नसती तर लोखंडी अक्षरं कुठे उभी राहिली? तिसरे जरा शिकलेले होते. ते म्हणाले, बाई, २६ जुलैला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तुमची कर्दळ काय करणार?

हे मला फार लागलं. कारण हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. २६ जुलै २००५ साठी खड्डे नाहीतच, त्याला नदी मोकळी हवी, ओढे मोकळे हवेत. खड्डे आहेत ते माझ्या मंगळवारसाठी, दरवर्षी येणाऱ्या साध्या सरींसाठी. आणि मुंबईचंच काढलंत म्हणून सांगते. तिथली जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली, तीसुद्धा ओहोटी असेल तर. ती ५० पर्यंत न्या, असा ब्रिमस्टोवॅड या गटारं सुधारायच्या योजनेचा अहवाल १९९३ मध्ये आला. २००५ उजाडेपर्यंत तो कपाटात होता. म्हणजे सिमेंटची कामंही तुम्ही वेळेवर करत नाही, मग मातीच्या कामाला ‘पुरणार नाही’ म्हणून हसता कशाला? आणि पाइप कितीही मोठा केला तरी घाण तीच राहते, फक्त नदीत लवकर पोचते.

पोचतेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले. त्यातले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. पुढच्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला ५५ झाला. पहिला नंबर राखल्याबद्दल सत्कार ठेवला असेल तर कळवा, शाल शिवून देते. हे सगळं रस्त्यावरच्या पाण्यामुळे नाही हे मला कळतं, मोठा वाटा सांडपाण्याचा आहे. पण रस्त्याचं पाणी तर कोणी मोजतसुद्धा नाही. ते पाऊस म्हणून आलं की शुद्धच, अशी आपली समजूत.

अमेरिकेत सिएटलच्या बाजूला कोहो सालमन नावाचा मासा आहे. अंडी घालायला समुद्रातून ओढ्यात यायचा आणि पावसानंतर तडफडून मरायचा. वर्षानुवर्षं कारण सापडेना. २०२० मध्ये संशोधकांना ते सापडलं, टायरच्या रबरात घालतात त्या एका रसायनापासून बनणारं विष. पण मला आवडली ती त्याच्या आधीची गोष्ट. विष कुठलं ते कळायच्या आधीच तिथल्या लोकांनी रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून त्यात मासे सोडून बघितले होते. न गाळलेल्या पाण्यात मासे मेले, गाळलेल्यात जगले. कंपोस्ट आणि वाळू, साहेब. आमच्या गल्लीत दोन्ही मिळतं.

आपली माणसं सिंगापूरला अभ्यास दौऱ्याला जातात असं ऐकते. बिशान पार्क दाखवलं असेलच. तिथे २.७ किलोमीटरचा सरळसोट सिमेंटचा कालवा फोडून २०१२ मध्ये ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, काठाला गवत, मुलं पाण्यात पाय सोडून बसतात. बघून आले आणि इकडे ओढ्यांना दोन्ही बाजूंनी सीमाभिंती घातल्या. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने माणसं वाहून गेली, त्याआधी वर्षानुवर्षं ओढे अरुंद होत गेल्याचं सगळ्यांना दिसत होतं. आणि परदेश तरी कशाला? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने झाडांच्या मुळांतून सांडपाणी शुद्ध करायची फायटोरिड नावाची पद्धत कधीच बसवून दाखवली आहे. विमानाचं तिकीट लागत नाही, म्हणून तिकडे दौरा निघत नसावा.

खरं कारण मला ठेकेदाराच्या मुकादमाने सांगितलं. चहा पिता पिता, अगदी सहज. “काकू, सिमेंटचं बिल एकदा निघतं, हिशेब मिटतो. तुमच्या खड्ड्याला दरवर्षी माणूस लागणार, गाळ काढायचा, झाडं छाटायची, पुड्या वेचायच्या. त्यात कुणाला काय सुटणार?” मातीत टक्केवारी सुटत नाही, एवढाच तो निष्कर्ष. आपल्या खात्याच्या अहवालात तो इतक्या थोडक्यात लिहिलेला नसेल.

आणि विचारायचं कोणाला? तीन-चार वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. रस्ता एका खात्याचा, त्याखालची पावसाळी लाइन दुसऱ्याचा, त्याच्या कडेचं झाड तिसऱ्याचं. माझा खड्डा तिघांच्या मधोमध येतो, म्हणून तो कोणाचाच नाही. अ‍ॅपवर तक्रार टाकली, चौथ्या दिवशी ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा मेसेज आला, सोबत साफ केलेल्या चेंबरचा फोटो. फोटोत मागे नारळाची झाडं होती. आमच्या रस्त्यावर नारळ नाही. माहिती अधिकारात अर्ज केला, खड्डे का बुजवले? तीस दिवसांनी उत्तर आलं, ‘सदर माहिती कार्यालयात उपलब्ध नाही’. आणि ती इंजिनिअर पोरगी? तिची बदली झाली. बिलबुकाच्या पानावर तिने ‘यांत काही अडचण आली तर फोन करा’ असं लिहून नंबर दिला होता. मी केला नाही. तिला आणखी अडचणीत कशाला घालू?

मीही काही सोवळी नाही. वीस वर्षं मी चिंध्या आणि दोऱ्याची गुंडाळी समोरच्या गटारात लोटत आले. सगळेच लोटतात म्हणून. मंगळवारी जाळीत अडकलेला गाळ काढला तेव्हा त्यात माझ्याच दुकानाचा फॉलचा तुकडा निघाला, राणी रंगाचा. तेव्हापासून पोतं ठेवलंय. पण माझ्या चिंध्यांनी रस्ता काळा झाला नाही.

आता कालचं सांगते. आमच्या चौकात मोठा वड आहे. त्याच्या बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंट, भोवती तेच लाल-पिवळे ब्लॉक. दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता. आमच्या वडाभोवती वीतभरही मोकळी नाही. काल सकाळी बायकांनी सूत गुंडाळलं, पूजा केली, आणि कलशातलं पाणी मुळाशी घातलं. मूळ दिसतच नाही तर घालणार कुठे? ते पाणी ब्लॉकवरून घरंगळलं, ‘आय लव्ह’च्या खालून गेलं, वाटेत हळद-कुंकू आणि तेलाचा तवंग गोळा करत माझ्या पायरीशी येऊन थांबलं. शंभर पावलं, आणि मातीत एक थेंब गेला नाही. मागच्या चाळीतली ती मुलगीही आली होती पूजेला. साधी सुती साडी नेसून.

आपण म्हणाल, बाई, मागणी काय ती सांगा. लांबलंय खरं. सहा खड्डे पुन्हा उघडा, बिलबुकाच्या पानावर आहेत तसे, पान मी झेरॉक्स करून देते. त्याआधी वरच्या तीन इमारतींचं सांडपाणी पावसाळी लाइनीत सोडलंय ते तोडा, नाहीतर खड्ड्यात संडास जाईल आणि तुम्ही म्हणाल, बघा, वास येतो. गाळ काढायला आमच्या गल्लीतल्या बचत गटाला वर्षाचं काम द्या. आम्ही महिन्याला फोटो पाठवू, नारळ नसलेले. वडाचं सिमेंट फोडा. रस्त्याला पुन्हा थर द्यायचा असेल तर आधी जुना खरवडा. आणि पडद्याच्या शिलाईचे ८५० रुपये.

हो, तेही राहिलेत. कार्यक्रमानंतर कार्यकर्ते पडदा माझ्याकडे टाकून गेले, “काकू, ठेवा, उद्घाटनाला लागेल, पैसे तेव्हाच देतो.” उद्घाटन झालं नाही. मंगळवारी पाणी आत आलं तेव्हा हाताशी तोच मोठा कपडा होता. पडदा फरशीवर पसरला, पिळला, पुन्हा पसरला, असं चार वेळा. किरमिजी रंग आता कुठे दिसत नाही. धुतलेला नाही. वाळवून, घडी घालून, नावाची चिठ्ठी टाचून वरच्या फळीवर ठेवलाय. आपल्याकडे प्रयोगशाळा असेलच, त्यातलं काळं नेमकं काय आहे ते तपासून घ्या. सोमवारी दुकान बंद असतं, एरवी सकाळी दहा ते रात्री आठ कोणालाही पाठवा. येताना पायरी उतरावी लागते, जरा जपून.

आपली,
फॉल-पिकोवाल्या काकू